दुसरी घागर : फुलणाऱ्या झाडाची कन्नड कथा आणि चित्रकथांतील किशोरवयीन नायिका

१

कन्नड प्रदेशातील स्त्रिया सांगत आलेल्या एका कथेत गरीब घरातील धाकटी मुलगी आपल्या बहिणीला दोन घागरी पाणी आणावयास सांगते. पाण्याला नखाचा स्पर्श होता कामा नये, ही पहिली अट. एक घागर अंगावर ओतली की ती फुलांनी डवरलेले झाड होईल. बहिणीने हवी तेवढी फुले खुडावीत, मात्र कोंब मोडू नये, पान फाडू नये. मग दुसरी घागर ओतावी, म्हणजे ती पुन्हा माणूस होईल. आईचे कष्ट कमी व्हावेत, एवढाच या साऱ्याचा हेतू. कथेतील पुढचे सर्व दुःख या दुसऱ्या घागरीभोवती फिरते.

ही कथा अभ्यासकांसमोर आणण्याचे श्रेय म्हैसूर येथे १९२९ मध्ये जन्मलेल्या अत्तिपट कृष्णस्वामी रामानुजन यांचे. कवी, भाषावैज्ञानिक, प्राचीन तमिळ आणि मध्ययुगीन कन्नड कवितेचे अनुवादक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. परंतु लोककथांचा संग्रह हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग होता. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कन्नड लोककथांच्या इंग्रजी संग्रहाला याच कथेचे नाव देण्यात आले. या कथेवर त्यांनी स्वतंत्र निबंधही लिहिला असून तिला 'स्त्रीची कथा' असे संबोधले आहे.

अद्भुत शक्ती लाभलेली, त्या शक्तीमुळेच संकटात सापडलेली किशोरवयीन मुलगी ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रकथांची लोकप्रिय नायिका ठरली. अमेरिकेत १९६२ साली अवतरलेली सब्रिना, १९८० मधील रेव्हन, १९८० च्या दशकातील इलियाना रास्पुतिन ही तिची काही रूपे. ('चित्रकथा' ही संज्ञा येथे 'कॉमिक्स' या अर्थाने वापरली आहे.) कन्नड कथेतील निनावी मुलगी आणि या नायिका यांच्यात कोणताही प्रभावसंबंध दाखविता येत नाही, आणि तसा दावाही येथे करावयाचा नाही. मात्र वयात येणारी मुलगी आणि तिच्या ठायी प्रकटणारी शक्ती हे दोहोंचे समान आशयसूत्र आहे. या शक्तीची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला दोन्ही परंपरा वेगवेगळे उत्तर देतात. त्या उत्तरांतील भेद तपासणे आणि कन्नड कथेच्या प्रवासात तो भेद कसकसा टिकला वा पुसला गेला हे पाहणे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे.

२

रामानुजन यांच्या म्हैसूरमधील घराचे त्यांनी स्वतः केलेले वर्णन तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. वडील म्हैसूर विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. त्यांची अभ्यासिका माडीवर, आणि तेथील भाषा इंग्रजी व संस्कृत. खाली स्वयंपाकघरात तमिळ, रस्त्यावर कन्नड. वडील खगोलशास्त्रज्ञ आणि ज्योतिषीही होते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात या कुतूहलातूनच रामानुजन यांच्या भारतीय विचारपद्धतीविषयीच्या प्रसिद्ध निबंधाचा जन्म झाला. कथा मात्र माडीवर नव्हत्या. मुलांना भाताचे घास भरविताना घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्या सांगत. घराच्या रचनेतच भाषांची आणि वाङ्मयप्रकारांची उतरंड होती, आणि लोककथा तिच्या तळाशी होती.

महाराजा महाविद्यालयात इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतल्यावर रामानुजन यांनी दक्षिणेत आणि पश्चिमेत अनेक ठिकाणी अध्यापन केले. त्यांत बेळगाव होते, बडोदेही होते. १९५८ च्या सुमारास ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या अभ्यासासाठी होते. तेथून ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात गेले आणि १९६२ पासून शिकागो विद्यापीठात स्थिरावले. म्हैसूर–बेळगाव–पुणे–शिकागो ही वाट मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. बेळगाव हे मराठी आणि कन्नड या भाषा एकाच अंगणात नांदणारे गाव. तेथील स्त्रिया कहाण्या कोणत्या भाषेत सांगतात याचे उत्तर घरागणिक आणि माणसागणिक बदलते. कथा मात्र भाषेच्या सीमेपाशी थांबत नाही, हे सीमाभागात राहिलेल्या संग्राहकाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

महाराष्ट्रातही याच सुमारास लोकसाहित्याच्या अभ्यासाची पायाभरणी होत होती. साने गुरुजींनी १९४० मध्ये 'स्त्रीजीवन' मधून स्त्रियांच्या ओव्या ग्रंथबद्ध केल्या होत्या. दुर्गा भागवत यांची 'लोकसाहित्याची रूपरेषा' १९५६ मध्ये आली. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून संकलनाचे विस्तृत कार्य केले. म्हैसूर विद्यापीठात १९६८ मध्ये लोककला-संग्रहालय आकाराला आले. दोन्ही प्रदेशांत हे कार्य एका समान जाणिवेतून झाले : जात्याशी आणि चुलीपाशी जे बोलले गेले, तेही वाङ्मय आहे.

३

कथेकडे आता तपशिलाने वळावयास हवे. दोघी बहिणी फुले राजवाड्यात विकतात. राजपुत्राला नवल वाटते. तो लपून बसतो आणि मुलीचे झाड होताना पाहतो. पुढे तो तिच्याशी विवाह करतो. विवाहानंतरच्या पहिल्या रात्री अबोल्यात जातात. अखेर तो आपली इच्छा बोलून दाखवितो : तिने त्याच्यासमोर झाड व्हावे. ती आधी नकार देते. आपण राक्षसी नाही, देवीही नाही, चारचौघींसारखी मर्त्य स्त्री आहोत, माणूस कधी झाड होतो काय, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. हट्टापुढे तिचे काही चालत नाही. मग रोज रात्री शय्या फुलांनी भरते आणि सकाळी कोमेजलेल्या फुलांचा ढीग बाहेर पडतो.

तो ढीग नणंदेच्या नजरेस पडतो. ती भावजयीला मैत्रिणींबरोबर बागेत नेते आणि झाड होण्यास भाग पाडते. मुलगी सर्व अटी पुन्हा सांगते. ऐकून कोणी घेत नाही. मुली फांद्या ओरबाडतात, डहाळ्या मोडतात. दुसरी घागर कशीबशी ओतून निघून जातात. मुलगी माणूस होते, पण अर्धीच : हात नाहीत, पाय नाहीत, धड तेवढे उरते. गाडीवान तिला उचलून दूरच्या नगरात पोहोचवितात. तेथे राजपुत्राची थोरली बहीण राणी असते. विरहाने वैरागी झालेला राजपुत्र भटकत तेथेच येतो. ओळख पटल्यावर ती त्याला पुन्हा दोन घागरी आणावयास सांगते. ती झाड होते. तो मोडलेली फांदी न् फांदी सरळ करून जागेवर बसवितो आणि मग दुसरी घागर ओततो. ती पूर्ण होते. नणंदेला कठोर शासन मिळते.

या कथेच्या रचनेत परिवर्तनाचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी दुसरी घागर वेगळ्या हाती असते. प्रथम बहीण, मग नवरा, मग नणंद, शेवटी पुन्हा नवरा. विधी एकच राहतो, हात बदलतात. कथेचा सारा अर्थ या बदलात सामावलेला आहे. बहिणीच्या हाती माया आहे. नवऱ्याच्या हाती आरंभी उपभोग आहे. नणंदेच्या हाती मत्सर, आणि त्याहूनही अधिक बेपर्वाई आहे. शेवटी नवऱ्याच्या हाती जे येते त्याला शुश्रूषा हाच शब्द योग्य. पहिल्या रात्रींत त्याने फुले घेतली होती. अखेरच्या प्रसंगी तो आधी फांद्या जोडतो. त्याच माणसात झालेला हा पालट, मुलीच्या झाड होण्याइतकाच कथेला महत्त्वाचा वाटतो.

दुसरी लक्षणीय गोष्ट वाणीची आहे. झाड असताना मुलगी बोलू शकत नाही. म्हणून जे सांगावयाचे ते आधीच सांगावे लागते. त्यानंतर तिचे शरीर सर्वस्वी ऐकणाऱ्याच्या स्मरणावर आणि सचोटीवर अवलंबून राहते. तिची शक्ती तिची आहे, परंतु त्या शक्तीतून परत येण्याची वाट दुसऱ्याच्या हाती आहे. नव्या घरी येणाऱ्या अल्पवयीन वधूच्या अवस्थेचे याहून अचूक वर्णन वैचारिक गद्यातही सहसा आढळत नाही.

४

संस्कृत परंपरेत स्त्री आणि वृक्ष यांचे नाते नवे नाही. सुंदर स्त्रीच्या पादाघाताने अशोक फुलतो हा दोहदाचा संकेत कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त कथानकाचा भाग बनला आहे. वृक्षाला बिलगलेल्या शालभंजिका शिल्पांत आहेत, आणि म्हैसूरच्या उत्तरेस बेलूर येथील होयसळ मंदिरात त्यांच्या कुळातील मदनिका आजही उभ्या आहेत. या परंपरेत स्त्री वृक्षाला फुलविते आणि रसिक दोघांकडे पाहतो. ग्रीक-रोमन परंपरेत दाफ्नी देवाच्या कामनेपासून सुटण्यासाठी वृक्ष होते; तिला परतीची वाट नाही. कन्नड कथेतील मुलगी या दोहोंहून निराळी आहे. ती आपण होऊन झाड होते, आईसाठी होते आणि परत येण्याची तजवीज करूनच होते. रसिकाची नजर या कथेतही आहे, राजपुत्र लपून पाहतोच. पण संकटाची सुरुवात त्या पाहण्यापासून होते.

'फुलणे' या क्रियेचा शरीराशी असलेला संबंध रामानुजन यांनी अधोरेखित केला आहे. संस्कृतात ऋतुप्राप्त मुलीला पुष्पवती म्हणतात. मराठी वाचकाला येथे न्हाणाचा सोहळा आठवल्यावाचून राहणार नाही : प्रथम ऋतुदर्शनानंतर मुलीला फुलांनी सजविलेल्या मखरात बसविण्याची चाल महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. मखरातील मुलगी आणि डवरलेले झाड यांत रूपकाचे अंतर फार नाही. दोन्ही ठिकाणी मुलीच्या शरीरात घडलेली खाजगी घटना घराच्या आणि गावाच्या दृष्टीसमोर मांडली जाते. भोंडल्याच्या गाण्यांतील आणि जात्यावरच्या ओव्यांतील नणंद-भावजयीचा ताणही मराठी परंपरेला तितकाच ओळखीचा आहे.

या रूपकामागे इतिहासही आहे. मुलीच्या विवाहाचे आणि सहवासाचे वय हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वांत तीव्र वादाचा विषय होता. मुंबईत रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ या काळात गाजला. अकराव्या वर्षी झालेल्या विवाहाने आपण बांधलेल्या नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात सहवासाची वयोमर्यादा दहावरून बारा केली. त्याच सुमारास हरि नारायण आपटे 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत यमूला स्वतःची हकिकत स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावीत होते. म्हैसूर संस्थानाने १८९४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा नियम करून आठ वर्षांखालील मुलींचे विवाह, आणि चौदा वर्षांखालील मुलीशी पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचा विवाह, निषिद्ध ठरविला. मर्यादा म्हणून आठ हा आकडा निवडावा लागला, यातच त्या काळाचे वास्तव दिसते. रामानुजन यांच्या जन्मवर्षी, १९२९ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा ठरविले.

फुलणाऱ्या झाडाची कथा या कायद्यांचे भाष्य नाही. मौखिक कथेला अशी तारीख चिकटविणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु तिच्या बाल-श्रोत्यांमध्ये लवकरच परक्या घरी जाणाऱ्या मुली होत्या, हे विसरता येत नाही. रामानुजन यांनी दाखवून दिले आहे की पुरुषकेंद्री कथा बहुधा विवाहापाशी संपतात, तर स्त्रीकेंद्री कथांतील खरी संकटे विवाहानंतर सुरू होतात. आपट्यांची कादंबरी सुशिक्षित पुरुषवाचकांना उद्देशून 'लक्षात कोण घेतो' असे विचारते. स्वयंपाकघरातील कथेचा श्रोता वेगळा आहे. ती मुलीलाच सांगते : तुझे सांगणे लक्षात न घेणारेही तुला भेटतील, आणि तरीही परतीची वाट असते.

५

आता चित्रकथेकडे. १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'एक्स-मेन' मालिकेने वयात येताना प्रकटणारी शक्ती हे सूत्र रुळविले. इलियाना रास्पुतिन ही सायबेरियातील सामूहिक शेतीवर वाढलेली लहान मुलगी तिच्यात १९७५ मध्ये प्रथम दिसते. १९८२ च्या एका अंकात बेलास्को नावाचा मांत्रिक तिला आपल्या पाताळसदृश लोकात ओढून नेतो. तिची सखी किटी प्राइड तिचा हात धरून तिला बाहेर काढू पाहते. क्षणभर हात सुटतो, पुन्हा सापडतो. बाहेर येते ती मात्र तेरा-चौदा वर्षांची मुलगी. बाहेरचा एक क्षण म्हणजे आतली सात वर्षे. त्या वर्षांत काय घडले ते १९८३–८४ मधील चार अंकांच्या स्वतंत्र मालिकेत लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी सांगितले : तिच्या आत्म्याचे अंश काढून घेतले गेले, तिला काळी विद्या शिकविली गेली आणि स्वतःच्या आत्म्यातूनच तिने एक तलवार घडविली. ती तलवार उपसली की तिच्या अंगावर चिलखत चढते. जसजसा वापर वाढतो तसतसे ते अधिकाधिक पसरते. अखेर १९८९ मध्ये आपल्यामुळे जगावर ओढवलेले अरिष्ट टाळण्यासाठी ती आपल्या किशोरपणाचाच त्याग करते आणि पुन्हा लहान मूल होते.

सुटलेला हात आणि निष्काळजीपणे ओतलेली घागर यांतील साम्य डोळ्यांत भरणारे आहे. दोन्ही कथांत मुलगी दुसऱ्याच्या हातावर विसंबून एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात असते आणि तो हात चुकतो. दोन्ही कथांत ती परत येते, पण पूर्ण येत नाही. मात्र यापुढे वाटा फुटतात. इलियानाच्या कथेत सुटलेल्या हाताचा हिशेब मागे पडतो. संघर्ष तिच्या आत सरकतो. प्रश्न असा होतो की ती आपल्यातील अंधारावर ताबा मिळवील काय. रेव्हनचीही तीच स्थिती : राक्षस पित्याची ही कन्या क्रोधाला वा दुःखाला मोकळी वाट देऊ शकत नाही, कारण भावनावेगाबरोबर पित्याचा अंश जागा होण्याचे भय असते. शक्ती हा येथे मुलीच्या चारित्र्याचा प्रश्न आहे आणि जग तिच्यापासून धोक्यात आहे.

कन्नड कथेत नेमके उलटे आहे. मुलीची शक्ती कोणालाही इजा करीत नाही. ती फुले देते. तिने स्वतःवर ताबा मिळवावा असे कथा कोठेही म्हणत नाही. ताबा ठेवावयाचा आहे तो फुले खुडणाऱ्यांनी. आपण राक्षसी नाही आणि देवीही नाही हे तिचे वचन या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते. अमेरिकन चित्रकथा अद्भुत मुलीला राक्षसत्वाच्या उंबरठ्यावर उभी करते, तर आपल्याकडील मुद्रित चित्रकथेचा कल तिला देवत्वाकडे नेण्याचा राहिला.

या दुसऱ्या विधानाचे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठी बालवाचकांच्या हाती १९५२ पासून 'चांदोबा' होता. त्याची कन्नड आवृत्ती १९४९ मध्येच निघाली होती. १९६४ मध्ये मुंबईत 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले. वेताळ आणि मँड्रेक हे त्यांतील प्रमुख नायक. १९६७ मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्रकथा' आरंभिली. पै यांचा जन्मही १९२९ चा आणि कर्नाटकातल्याच कारकळचा; शालेय वयात ते मुंबईस आले. रामानुजन आणि पै या समवयस्कांनी एकाच भारतीय कथाधनाचे दोन भिन्न उपयोग केले, हे तौलनिक अभ्यासाला आव्हान देणारे आहे. पै यांच्या मालिकेने पुराण आणि इतिहास यांना प्राधान्य दिले. सावित्री, दमयंती, झाशीची राणी अशा नायिका तिने घरोघरी पोहोचविल्या. या नायिका मोठ्या आहेत, पण घडून पूर्ण झालेल्या आहेत. नाव नसलेली, अर्ध्यातच तुटलेली, नाल्याकाठी कण्हत पडलेली मुलगी मात्र आदर्शाच्या चौकटीत बसणारी नव्हती. दसऱ्याला जिच्या मूर्तीची हत्तीवरून मिरवणूक निघते त्या चामुंडेश्वरीच्या नगरीतही शक्तीचे अधिकृत रूप महिषमर्दिनीचेच आहे.

२००६ मध्ये बंगळूरच्या चित्रशाळेतून 'देवी' ही मालिका निघाली. तिची कल्पना शेखर कपूर यांची. तारा मेहता नावाच्या तरुणीमध्ये देवीची शक्ती संचारावी आणि तिने दैत्याचा बंदोबस्त करावा, अशी तिची योजना आहे. तिच्यात देवता आणि राक्षस दोघांनाही रस आहे. ती मर्त्य स्त्री म्हणून काय इच्छिते हा प्रश्न कथेला वारंवार अडवितो. म्हैसूरच्या घरातील निनावी मुलीने जो पर्याय नाकारला होता, तोच येथे नायिकेवर सोपविलेला दिसतो.

६

कथेचा पुढील प्रवास रंगभूमी आणि चित्रपटांच्या वाटेने झाला. गिरीश कार्नाड यांना रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या दोन कन्नड कथांतून 'नागमंडल' हे नाटक सुचले. त्याची नायिका राणी हीदेखील नुकतीच वयात आलेली, नवऱ्याने घरात कोंडलेली मुलगी. नागाच्या दिव्यातून ती उतरते तेव्हा गाव तिला देवी ठरविते. तिच्या एकाकीपणाला त्या देवत्वातून उत्तर मिळते काय, हे नाटक प्रेक्षकावर सोपविते. नाटकाच्या आरंभी कथा स्वतःच स्त्रीरूपाने रंगमंचावर येते. न सांगितलेली कथा सूड उगविते, ही लोककल्पना त्यामागे आहे.

१९९२ मध्ये कार्नाडांनी फुलणाऱ्या झाडाच्या कथेवर 'चेलुवी' हा हिंदी चित्रपट केला. माथेरानला जन्मलेला, कोकणी मातृभाषेचा आणि कन्नडमध्ये लिहिणारा दिग्दर्शक, म्हैसूरच्या संग्राहकाची कथा आणि पुण्याच्या सोनाली कुलकर्णी यांचे चित्रपटातील पदार्पण, असा हा योग होता. मुख्य भूमिका करणारी अभिनेत्री स्वतः तेव्हा किशोरवय ओलांडण्याच्या बेतात होती, आणि चेलुवीच्या निरागस विश्वासाला त्यामुळे वेगळेच वजन आले. चित्रपटाला पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या पुरस्काराने अर्थाचे स्थलांतर स्पष्ट होते : मुलीचे झाड होणे मागे पडून झाडाची मुलगी पुढे आली. दुसरी घागर आता निसर्गाशी वागणाऱ्या संपूर्ण समाजाच्या हाती आहे. हा अर्थ मूळ कथेत नाही असे नाही. पान फाडू नका ही तिची अट आहेच. तथापि फांद्या मोडणारी नणंद ही विशिष्ट घरातील विशिष्ट नात्याची व्यक्ती आहे, हे त्यात काहीसे झाकले जाते. चेलुवी म्हणजे सुंदर मुलगी. निनावी नायिकेला मिळालेले हे नावही पाहणाऱ्याच्या नजरेने दिलेले आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये व्हिएन्ना येथे जॉन अ‍ॅडम्स यांचा याच कथेवरील ऑपेरा सादर झाला. संहिता अ‍ॅडम्स आणि पीटर सेलर्स यांनी रामानुजन यांच्या भाषांतराच्या आधारे सिद्ध केली होती. प्रसंग मोझार्टच्या अडीचशेव्या जयंतीचा. 'मॅजिक फ्लूट'मधील प्रेमिकांची परीक्षा हा त्याचा आदर्श. समूहगायन व्हेनेझुएलाच्या गायकवृंदाचे आणि स्पॅनिशमध्ये. नायिकेचे नाव कुमुदा. येथे कथा दोन प्रेमी जिवांच्या शुद्धीकरणाची होते, आणि राजपुत्राच्या परिवर्तनाला संगीताचा मोठा अवकाश मिळतो. दुसरी घागर ओतणाऱ्या हातांकडे इतक्या गांभीर्याने पाहणारे हे कदाचित सर्वांत भव्य रूपांतर असावे. परंतु आईच्या कष्टांसाठी फुले विकणाऱ्या दोघी बहिणींचे जग त्यात साहजिकच लहान होते.

चित्रकथेच्या बाबतीत एक वळण पुढे आले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर राम देविनेनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'प्रियाज् शक्ती' ही चित्रकथा प्रसिद्ध केली. अत्याचार सोसलेली ग्रामीण तरुणी प्रिया पार्वतीच्या साहाय्याने उभी राहते. पण तिचे कार्य दैत्यवधाचे नाही. पीडितेलाच दोष देणाऱ्या घराला आणि गावाला बदलावयास सांगणे हे तिचे काम. देवीची चौकट कायम असली तरी येथे प्रथमच प्रश्न मुलीच्या नियंत्रणाकडून भोवतालच्या वर्तनाकडे वळतो. चित्रकथा अशा रीतीने, बहुधा नकळत, स्वयंपाकघरातील जुन्या कथेच्या जवळ येते.

७

या तुलनेच्या मर्यादाही नोंदवावयास हव्यात. कन्नड कथा स्त्रीमुक्तीचा जाहीरनामा नाही. तिचा शेवट पतिगृहीच होतो. शासन नणंदेला होते, प्रथम हट्ट धरणाऱ्या नवऱ्याला नाही. दुसरीकडे, इलियानासारख्या नायिकेला आपल्या कथेत जी कर्तृत्वशक्ती, क्रोध आणि चूक करण्याची मुभा मिळते, ती या मुलीला नाही. हात-पाय गमावलेली मुलगी कोणाकडे सूडही मागत नाही. आजच्या किशोरवयीन वाचिकेला चिलखत चढविणारी नायिका अधिक जवळची वाटली तर त्यात नवल नाही.

तरीही कथेने एक गोष्ट अत्यंत स्वच्छपणे पाहिली आहे. मुलीच्या ठायी जे अद्भुत आहे त्याला धोकादायक मानून तिला सावरण्याचे पाठ देणारे वाङ्मय विपुल आहे. त्याला पवित्र मानून तिला मखरात बसविणारेही विपुल आहे. या कथेतील मुलगी दोन्ही नाकारते आणि साध्या सूचना देते : पाण्याला नख लागू देऊ नका, कोंब मोडू नका, दुसरी घागर पूर्ण ओता. या सूचना तिच्यासाठी नाहीत, इतरांसाठी आहेत. कथा सांगणाऱ्या स्त्रिया त्या मुलींना ऐकवीत होत्या. पण घास भरविले जात असता त्याच पंगतीत मुलगेही बसलेले होते. त्यांतील एकाने पुढे माडी चढून, परदेशी जाऊन, त्या सूचना न विसरता कागदावर उतरविल्या, आणि म्हणून म्हैसूरच्या स्वयंपाकघरातील ही मुलगी व्हिएन्नापर्यंत पोहोचू शकली. रूपांतरकारांपैकी प्रत्येकाने तिची फुले खुडली आहेत. त्यांनी दुसरी घागर किती काळजीपूर्वक ओतली, हा प्रश्न यापुढील तौलनिक अभ्यासाने प्रत्येक रूपांतराला विचारावयास हवा.